म्हातारचळ नव्हे, मेंदूचा आजार



आपल्या पेण-रोह्याच्या वस्त्यांत म्हातारं माणूस हिशेब विसरलं, रस्ता चुकलं की म्हणतात, "म्हातारचळ लागला." कोणी भगताकडेही नेतात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत हे शोभत नाही, आम्ही स्पष्टच बोलतो.

डॉक्टर याला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या चोंदतात, तेवढा भाग उपाशी मरतो. अल्झायमरची उतरण हळूहळू असते. हा आजार बऱ्याचदा पायरी-पायरीने उतरतो. सहा महिने आई ठीक असते, मग आठवड्याभरात आधी भाजी चिरायची की फोडणी द्यायची, तेच सुचेना होतं. मध्येच रडते. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करते!

मेलेला भाग परत येत नाही. पण पुढची पायरी लांबवता येते. कारण मुळाशी बहुधा ब्लडप्रेशर, साखर, तंबाखू. आणि आपल्याकडे तर खारी सुकी मच्छी, पापड, वर सकाळची मिश्री! त्यात बरं वाटलं की गोळी बंद. अहो, यंत्र नीट चालतंय म्हणून गिरणीत कोणी तेल घालायचं सोडतो का? प्रेशर वाढलेलं बहुतेकदा जाणवतच नाही.

पेण, रोहा दोन्हीकडे सरकारी रुग्णालय आहे. तिथे प्रेशर मोजून घ्या. आणि एकाएकी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर ताबडतोब १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.