फोन चालतोय, पण कंपनीने साथ सोडली

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेले भाषण, वाचक ताईंसाठी)



आजचा विषय बचतीचा किंवा परतफेडीचा नाही, पण पैशाचाच आहे. तुमच्या हातातल्या फोनचा.

गटांच्या बैठकांना फिरताना एक वाक्य मी बऱ्याचदा ऐकते. "मॅडम, माझ्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं बघा. कालपर्यंत चालत होतं, आज ते ॲप उघडतच नाही." मग घरात बोलणी बसतात, "तुला फोन वापरता येत नाही." दुकानात नेला की दुकानदार म्हणतो, "हा जुना झाला, नवीन घ्या." आणि पुढच्या बैठकीत अंतर्गत कर्जाच्या मागणीत फोन येतो.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते की बहुतेक वेळा तुमचं काहीच चुकलेलं नसतं. फोनही बिघडलेला नसतो.

मग होतं काय? आपल्याच भाषेत सांगते. गाय धडधाकट आहे, दूधही चांगलं देते. पण एक दिवस डेअरीची गाडी तुमच्या वाडीवर यायची बंद झाली. यात गायीचा काय दोष? फोनचं असंच आहे. फोनचं यंत्र तुमच्या हातात असतं, पण त्यातली ॲप लांबच्या कंपन्यांच्या हातात असतात. कंपनीने "या जुन्या फोनसाठी आम्ही यापुढे काम करणार नाही" असं ठरवलं की ते ॲप त्या फोनवर थांबतं.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. २०१७ साली जिओफोन आला. १५०० रुपये अनामत आणि बटणांचा फोन. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअप सुरू झालं. स्मार्टफोन न परवडणाऱ्या कितीतरी घरांत व्हॉट्सअप पहिल्यांदा आलं ते याच फोनवरून. या फोनच्या प्रणालीला कायओएस म्हणतात. जून २०२४ पासून कायओएसवर व्हॉट्सअप नव्याने घेता येईना, आणि ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांना २०२५ च्या सुरुवातीपर्यंतच मुदत मिळाली. स्मार्टफोनचंही तेच. २४ ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सअपला अँड्रॉइड ५ किंवा त्यापुढची आवृत्ती लागू लागली. त्याआधीच्या आवृत्तीचा फोन कितीही नीट सांभाळलेला असो, तो बाहेर.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. जुन्या प्रणालीत चोरीच्या वाटा राहतात, त्या बुजवत राहायला माणसं आणि पैसा लागतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका असं मीही सांगते. पण सूचना येते ती बारीक अक्षरात, अनेकदा इंग्रजीत. आणि खर्च कोणावर पडतो? ज्या बाईने मजुरीतून फोन घेतला तिच्यावर. राग येणं बरोबरच आहे. फक्त तो स्वतःवर काढू नका.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू.

पहिलं, फोन फेकू नका आणि भंगारात देऊ नका. एक ॲप बंद झालं म्हणजे फोन मेला नाही. बोलणं, मेसेज, बँकेचा ओटीपी हे चालतं. बँकेशी जोडलेल्या नंबरवरून *९९# लावून शिल्लक बघता येते, पैसेही पाठवता येतात. साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सोय ८ मार्च २०२२ पासून आहे. दोन्हींना इंटरनेट लागत नाही.

दुसरं, सूचना आली की ती कोणाकडून तरी वाचून घ्या. मुलीकडून, सीआरपी ताईंकडून, कोणाकडूनही. मुदत असते तेवढ्यात फोटो, नंबर, गटाच्या पावत्या दुसरीकडे काढून घ्या. आणि गटाचा हिशोब एकाच फोनमध्ये ठेवू नका. वही हवीच. वहीला अपडेट लागत नाही.

तिसरं, नवीन फोन घेताना दुकानात तीन प्रश्न विचारा. यात अँड्रॉइड कितवं आहे? कंपनी अपडेट किती वर्षं देणार? पक्कं बिल मिळेल ना? सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडलं की आवृत्ती दिसते, ती तिथेच दाखवायला सांगा. जुना फोन घेताना तर हे बघितल्याशिवाय पैसे काढू नका. हिशोब साधा आहे. ८,००० चा फोन दोन वर्षांत निकामी झाला, तर महिन्याला साधारण ३३३ रुपये पडले. ९,००० चा पाच वर्षं चालला, तर १५०. स्वस्त कोणता, ते तुम्हीच सांगा.

चौथं, तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण काय विकत घेतोय याची माहिती मिळणं हा आपला हक्क आहे. साथ बंद झालेला फोन न सांगता कोणी नवा म्हणून विकला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, पण दोन वर्षांच्या आत जायला हवं. म्हणून बिल जपा.

यामुळे जुना फोन लगेच चालू होईल असं मी सांगणार नाही. फोनला किती वर्षं अपडेट द्यायचं हे बांधून देणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. पण युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे. त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यावं लागतं. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. नियम होतात ते लोकांनी मागणी केल्यावर. एकटीचा आवाज दुकानाच्या काउंटरवरच विरतो. चाळीस गटांची मिळून एक तक्रार गेली तर ती नोंदवावी लागते.

शेवटचा मुद्दा आपल्या संघाचा आहे. बैठकीचा निरोप, कर्जाच्या अर्जाची तारीख, प्रशिक्षणाची यादी, सगळं आता मोबाइलच्या ग्रुपवर जातं. जिच्या फोनवर ते ॲप थांबलं, तिला तारीख कळत नाही आणि तिचा अर्ज राहतो. कंपनीने तिला बाहेर काढलं, ते आपण थांबवू शकलो नाही. पण संघातून ती बाहेर पडू नये हे तर आपल्याच हातात आहे.

म्हणून प्रत्येक ग्रामसंघाने पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडावेत अशी विनंती करते. प्रत्येक महत्त्वाचा निरोप ग्रुपबरोबर फोन करूनही द्यायचा आणि फलकावरही लिहायचा. फोनसाठी कर्ज मंजूर करण्याआधी ते तीन प्रश्न विचारले का, ते बघायचं. आणि बंद पडलेल्या ॲपची, फसवून विकलेल्या फोनची नोंद एका वहीत ठेवायची. त्या वह्या प्रभाग संघाकडे आल्या की १९१५ वर आपण मिळून बोलू.

तुमच्या गटात असं कोणाचं झालं असेल तर या बैठकीनंतर मला भेटा. फोन आणि बिल दोन्ही घेऊन या.