हिवाळ्यातली घरची ऊब



आमच्या गल्लीतला एक मुलगा सैन्यात आहे. त्याची नेमणूक काश्मीरकडे, उंचावरच्या एका ठाण्यावर. मागे एकदा ऐन पौषात त्याने घरी फोन केला आणि फोनवरच आईला बाहेरचा देखावा दाखविला. छपरावर हातभर बर्फ, झाडे पांढरी, वाट पांढरी. आम्ही शेजारीपाजारीही डोकावून पाहत होतो. माउली क्षणभर काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, "सारं पांढरंच पडलं हाय, मंग तिथं तुमची चूल कोण पेटवते रे बापा?"

आम्ही सगळे हसलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. मला वाटू लागले की थंडीबद्दल विचारावयाचे ते हेच. किती अंश, किती गारठा, हे वर्तमानपत्र सांगतेच. पण घरात जी ऊब असते ती कोणी केलेली असते? आज मी तुमच्याशी याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात बर्फ पडत नाही, हे तुम्हांला सांगावयास नको. आपण कर्कवृत्ताच्या पुष्कळ खाली आहोत, आणि आपले पठार समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटर उंच. महाराष्ट्रात फारच कडाका पडला तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठते. आपल्याकडे आभाळातून पांढरे असे काही पडते ते म्हणजे गारा, आणि त्यांचे कौतुक शेतकऱ्याला नसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भात जी गारपीट झाली ती आपल्या जिल्ह्यानेही सोसली. घाट्यांनी भरलेला हरभरा नि ओंबीवर आलेला गहू घटकाभरात आडवा झाला होता.

पण बर्फ नाही म्हणून थंडी नाही, असे मात्र समजू नका. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशी थंडी येते कोठून? उत्तरेकडे हिमालयात बर्फ पडून आभाळ मोकळे झाले, की तिकडचे कोरडे, गार वारे खाली आपल्यापर्यंत पोचतात. म्हणजे तो सैनिक मुलगा ज्या बर्फात उभा असतो, त्याच बाजूचा वारा काही दिवसांनी त्याच्या आईच्या ओसरीवर येतो. त्यात आपली हिवाळ्यातली रात्र तेरा तासांची आणि आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता त्या मोकळ्या आभाळाला देऊन टाकते. ढग असते तर त्यांनी ती अडविली असती. म्हणून ढगाळ रात्र उबदार आणि चांदण्यांनी भरलेली रात्र गारठ्याची.

येथे एक गंमत पाहा. घरातल्या म्हाताऱ्यांना ढगाळ रात्र बरी वाटते, आणि शेतकरी मात्र ढग पाहून कपाळाला हात लावतो. कारण ढगाळ, दमट हवेत हरभऱ्यावर नि तुरीवर घाटेअळी वाढते, धुके दाटले तर तुरीचा फुलोरा गळतो. गव्हाला तर थंडी हवीच. थंडी चांगली पडली तर त्याला फुटवे भरपूर येतात. असे आपले आहे. आपण अंगावर ओढून घेतो ती गोधडी, आणि देवाजवळ मागतो ती थंडी!

आता घरात चला. पहाटेचे पाच वाजले आहेत. कोण उठले आहे? तुमच्या घरी काय असेल ते असो, आमच्याकडे आधी बांगड्या वाजतात, मग पऱ्हाटीची काडी मोडल्याचा आवाज येतो. गॅस बहुतेक घरी आला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून खेड्यातही शेगडीशेजारी सिलिंडर दिसू लागले. पण हिवाळ्यात अंघोळीचे पाणी पुष्कळ घरी अजून चुलीवरच तापते, कारण तुराट्या आणि पऱ्हाट्या वावरातून येतात नि सिलिंडर पैशांनी येते. पाण्याचे पातेले चुलीवर चढले, की पोरे एकेक करून चुलीभोवती येऊन बसतात, हात पुढे करतात. आजोबा येतात. मांजरही येते. त्या चुलीपाशी सगळ्यांना जागा असते. जिने ती पेटविली तिला मात्र बसावयास सवड नसते. ती तोवर थंडगार फरशीवर सडा-झाडलोट करीत असते, नाहीतर गोठ्यात धारेला बसलेली असते.

आपली जुनी धाब्याची घरे या बाबतीत दयाळू होती. जाड मातीच्या भिंती, वर मातीचे धाबे. दिवसभर ऊन पीत राहावयाचे आणि रात्री ते हळूहळू आत सोडावयाचे. आता त्यांच्या जागी टीनपत्रे आली. धाब्याला दरवर्षी माती चढविणे, गळती पाहणे हे कोणाला जमते? तेव्हा लोकांना दोष देता येत नाही. पण पत्रा मोठा चंचल. उन्हात क्षणात तापतो आणि निरभ्र रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. मग आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्या पत्र्याला लागून तिचे पाणी होते आणि पहाटे थेंब थेंब अंथरुणावर पडते. पावसाळा संपून दोन महिने झालेले असतात नि घर गळतच असते! पत्र्याखाली एक साधे छत बांधले, जुनी ताडपत्री नाहीतर पोती शिवून ताणली, तरी पुष्कळ फरक पडतो. मधे अडकलेली हवा थंडी अडविते.

गोधडीचे रहस्यही तेच. आजीच्या जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून धावदोरा घातला, की थरांमध्ये हवा कोंडली जाते. गोधडी स्वतः ऊब तयार करीत नाही. तुमच्या अंगाची ऊब ती राखून ठेवते. बर्फाळ मुलुखांत शेतकरी बर्फाला भीत असतील असे आपल्याला वाटते. पण गव्हाच्या कोवळ्या रोपांवर बर्फाचा थर पडला तर त्यांना बरेच वाटते. भुसभुशीत बर्फातही हवा कोंडलेली असते, आणि त्याखाली रोप कडाक्यातून वाचते. म्हणजे बर्फही एक गोधडीच झाली. आपल्या गव्हाला ती मिळत नाही. त्याला काय मिळते, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक सावधगिरीचा शब्द, आणि तो कृपा करून घरात सर्वांना सांगा. काश्मिरात लोक कांगडी जवळ बाळगतात. मातीच्या भांड्यात निखारे, बाहेरून वेताची वीण. आपल्याकडे रात्री घमेल्यात किंवा शेगडीत निखारे घेऊन खोलीत ठेवतात, विशेषतः बाळंतिणीच्या नि म्हाताऱ्यांच्या. ऊब वाटते, म्हणून दार लावून घेतात, खिडकीला चिंध्या कोंबतात. मंडळी, हे करू नका. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळताना जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच गुंगतो आणि कधी कधी उठत नाही. निखारे निजण्याच्या आधी बाहेर काढावे, आणि खोलीला हवा येण्याची वाट ठेवावी. बाळंतिणीला शेक द्यावयाचा तर दार उघडे ठेवून, कोणी जागे असताना द्यावा.

भीतीचे बोलणे पुरे. हिवाळा हा खाण्याचा ऋतू आहे, हेही सांगितले पाहिजे. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीला घरात परत येते. गोवऱ्यांच्या आहारात रोडगे भाजावेत, तुराट्यांच्या जाळावर वांगी, आणि खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सगळ्यांनी एकत्र बसावे. मग तुरीच्या शेंगा भरतात. सोल्यांचे वांगे ज्याने खाल्ले नाही त्याला वऱ्हाडचा हिवाळा समजला असे मी म्हणणार नाही. पुढे हरभऱ्याचे घाटे. वावराच्या बांधावर काडीकचऱ्याचा जाळ करून त्यात हरभऱ्याची डहाळीच्या डहाळी भाजावयाची, आणि हात-तोंड काळे करून घेत सोलून खावयाची. संक्रांतीला तीळ-गूळ. तीळ, जवस, शेंगदाणे, गूळ हे सगळे अंगाला बळ देणारे पदार्थ याच दिवसांत आपल्या ताटात का येतात, हे आपल्या आयाबायांना कोणी पुस्तकातून शिकविले नाही.

पण हे हरभरे नि हे गहू ताटापर्यंत येतात कसे? येथे मी त्या पहिल्या प्रश्नाकडे परत येतो.

पहाटे पाचला चूल पेटविणारी तुम्ही पाहिली. त्या वेळी घरातले एक अंथरूण रिकामे असते, ते पाहिलेत का? तो ओलिताला गेलेला असतो. गहू पेरल्यापासून अठरा ते एकवीस दिवसांनी त्याला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी होतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ते नुकसान भरून निघत नाही. पीक थांबत नाही, आणि वीज आपल्या सोयीने येत नाही. शेतीच्या वाहिनीला वर्षानुवर्षे आलटून-पालटून वीज मिळत आली: दिवसपाळीत आठ तास, रात्रपाळीत दहा. रात्रपाळीचा आठवडा आला, की माणूस मफलर गुंडाळतो, हातात टॉर्च नि काठी घेतो आणि निघतो.

विहिरीचे पाणी पहाटे कोमट लागते. खोल जमिनीत हिवाळा पोचतच नाही. मोटार सुरू झाली की पाइपातून वाफ येताना दिसते. पण तेच पाणी तुषार संचातून उडून अंगावर येते तेव्हा सुईसारखे टोचते. दर दोन-चार तासांनी पाइप उचलून पुढे न्यावे लागतात, आणि ते नेताना कोरडा राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. वर रानडुकरे नि रोही यांच्यासाठी जागल वेगळीच. घोणस थंडीतही बांधाच्या गवतात असते. म्हणून एकट्याने जाऊ नये, अनवाणी जाऊ नये, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये. हे सांगणे सोपे आहे, हे मला ठाऊक आहे. एकट्याच्याच घरात दुसरा माणूस आणावयाचा कोठून?

या पाण्याचा आणखी एक उपयोग आहे. कडाक्याच्या रात्री पिकाला हलके पाणी दिले, बांधावर काडीकचरा पेटवून धूर केला, तर जमिनीची ऊब टिकते आणि पीक जळत नाही. मघाशी म्हटले ना, आपल्या गव्हाला बर्फाची गोधडी मिळत नाही? त्याला मिळते ती ही. एक माणूस आपले अंग भिजवून ती त्याच्यावर पांघरतो.

दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. जेथे उन्हावरची वीज आली तेथे माणूस रात्री घरी निजू लागला. याहून मोठी ऊब एखाद्या घराला कोणती मिळणार? आपल्या गावाची वाहिनी त्यात आली की नाही, हे ग्रामसभेत विचारावे. विचारणे हेही शेतीचेच काम आहे.

आणि जे सरकारच्या हातात नाही, आपल्याच हातात आहे, ते आजपासून करावे. आमच्या घरी मी एक नियम केला. हिवाळ्यात एक दिवसाआड चूल मी पेटवितो. पहिल्या दिवशी धूरच फार झाला. सौभाग्यवती गोधडीतूनच म्हणाली, "अहो, आधी काडी घाला, मंग फुंका." पण मी हटलो नाही. तिसऱ्या खेपेला जाळ नीट धरला, आणि ती उठून आली ती सरळ चुलीपाशी येऊन बसली. इतक्या वर्षांत मी तिला पहाटे चुलीपाशी नुसते हात शेकत बसलेले प्रथमच पाहिले.

त्या माउलीला मुलाने फोनवर काय उत्तर दिले, ते सांगावयाचे राहिलेच. तो म्हणाला, "आमी पाळी लावली हाय, माय. ज्याची पाळी तो पेटवते."

मंडळी, तुमच्या घरी पाळी कोणाची आहे?