माझ्या आवडीची आटपाडीतली हॉटेलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षं एकत्र नांदल्याबद्दल आपलं सर्वांचं अभिनंदन. सचिवसाहेबांनी फोनवर विषय दिला, ‘आपल्या गावातली तुमची आवडती हॉटेलं.’ मी म्हटलं, साहेब, मी पुण्यात पंचतारांकित हॉटेलात स्वयंपाकी. आटपाडीतल्या कुठल्या हॉटेलाला तारे आहेत? ते म्हणाले, “सुट्टीला आल्यावर कुठं खाता, तेवढंच सांगा.” मग सोपं झालं. आणि ताऱ्यांचं म्हणाल, तर रात्री बाकडं रस्त्यावर टाकून बसलं की आपल्याकडं मोजता येत नाहीत एवढे दिसतात!

पहिलं हॉटेल स्टँडजवळचं. पाटी केव्हाच पुसली गेलीय, पण पहाटेच्या गाडीला निघालेल्या माणसाला ते अंधारातही वासावरनं सापडतं. तिथली कांदाभजी मी अजून कागदावर घेऊन उभ्यानं खातो. त्यांचं गुपित सांगतो. पिठात ते पाणी घालतच नाहीत. चिरलेल्या कांद्याला मीठ चोळून ठेवायचं, त्याला जे पाणी सुटतं त्यातच बेसन कालवायचं. म्हणून भजी कुरकुरीत होते. दुष्काळी तालुक्याला शोभेल अशीच पद्धत आहे की नाही?

दुसरं, शनिवारच्या बाजारातली मटणाची खानावळ. आपला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. आपल्याच माडगूळच्या व्यंकटेश तात्यांनी ‘बनगरवाडी’ लिहिली, ती या मेंढपाळांच्याच मुलखावर. माळावर दिवसभर चालणाऱ्या जनावराचं मटण घट्ट असतं. घाई केली की ते चिवट होतं. खानावळवाल्याला हे कुणी कॉलेजात शिकवलं नाही. तो पहाटेच हळद-मीठ लावून मंद जाळावर पातेलं चढवतो, आधी अळणी पाणी काढतो, मग फोडणीला लागतो. ओला नारळ आपल्याकडं कुठला? म्हणून भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसूण आणि घरची वर्षाची चटणी. बाजरीची भाकरी त्या रश्शात चुरायची आणि बोलायचं नाही. आमच्या हॉटेलात असा रस्सा मी चार वेळा करून पाहिला. गॅसवर जमला नाही.

तिसऱ्या हॉटेलाला पाटी नव्हती. एका मावशींच्या घराची ती पुढची खोली होती.

मी वाडीवरचा पोरगा. हायस्कूलला आटपाडीत खोली घेऊन राहायचो. आई रोज एस.टी.तनं डबा पाठवायची. गाडी चुकली, बंद पडली, की डबा नाही. तसं झालं की मी मावशींच्या दारावरनं उगीच दोनदा जायचो. त्या आतनंच विचारायच्या, “डबा आला का रं?” मी म्हणायचो, “आला की.” त्या म्हणायच्या, “तोंड सांगतंय आला न्हाई ते. बस.” मग समोर काय यायचं? हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ, पाणी, मीठ, ठेचलेला लसूण. त्यात भाकरी. पहिल्या पगारात पैसे द्यायला गेलो, तर म्हणाल्या, “वहीत लिहिलंच न्हाई, तर घेऊ किती?”

आता एक कबुली देतो. पुण्यात मला कुणी विचारलं, गावाकडं काय खाता, तर मी रुबाबात मटण-भाकरी सांगायचो. माडगं कधीच सांगितलं नाही. माडगं म्हणजे दुष्काळ, माडगं म्हणजे गरिबी. 1972 ची सुकडी खाल्लेली माणसं इथं बसलेली आहेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. मग एक दिवस आमच्या किचनमधल्या मालवणच्या मित्रानं सगळ्या स्टाफला कुळथाची पिठी करून घातली. “आमच्या घरची,” म्हणून छाती काढून वाढली. एक घास घेतला आणि मी गप्पच झालो. कुळीथ म्हणजे आपला हुलगाच! तो ज्याचा अभिमान धरत होता, तेच मी वीस वर्षं लपवत होतो.

मी सुट्टी काढून मावशींकडं आलो. खानावळ बंद झालेली. गुडघे गेलेत, चुलीपुढं बसवत नाही. तरी मला पुढं बसवून शिकवलं. मी विचारलं, हुलगे किती मिनिटं भाजायचे? म्हणाल्या, “वास सुटंस्तवर.” पहिल्यांदा करपवले. दुसऱ्यांदा कच्चे राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी नुसती मान हलवली. माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट तेच.

मंडळी, डाळिंबानं तालुक्याचं नाव केलं, टेंभूचं पाणी आलं. त्या पाण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं पाणी परिषदांना बसली. कुणाच्या पोराला आता नाइलाजानं माडगं खावं लागू नये, असंच मलाही वाटतं. पण नाइलाज संपला म्हणून चव कशाला संपवायची? आज मांडवात पनीर आहे, गुलाबजाम आहे, मीही दाबून खाणार आहे. फक्त एक विनंती करतो. या सोसायटीतल्या प्रत्येक घरात एखादी आजी, एखादी मावशी आहे, जिचं माप ग्रॅममध्ये नाही, वासात आहे. ती चुलीपुढं बसते तोवर तिच्या शेजारी बसा. लिहून घेऊ नका, करपवून शिका.

आणि पुढच्या वर्धापनदिनाला मला बोलवा, भाषणाला नको, स्वयंपाकाला. कढई मी आणतो, हुलगे तुम्ही आणा. मावशी खुर्चीवर बसून सांगतील.