सांगणारा आणि ऐकणारा



सुभाष रोडवरच्या माझ्या दवाखान्यात येणारा रोगी सहसा खोटे बोलत नाही. तो अर्धे बोलतो. रोगी सांगत असताना त्याला तोडू नये, असे हानेमान यांनी बजावले आहे. हे पाठ असूनही मी चुकलो. एका मावशींनी मधुमेहाची गोळी चालू असल्याचे सांगताच मी हसून म्हणालो, "मग माझ्याकडे कशाला आलात?" पुढे त्यांनी गोळीचे नाव काढले नाही. ती बंद झाली असे समजून मी पथ्य कडक केले. एके दिवशी साखर उतरून त्या माझ्यासमोरच कोसळल्या. गोळ्या पिशवीत होत्या. लपवले त्यांनी, लपवायला लावले मी.

आम्हां जैनांच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्रीच्या बसदीत शतकानुशतके जपलेली होती. यात्रेकरूंना दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. 1883 साली मुंबईचे शेठ माणिकचंद तेथे गेले. जीर्ण पाने पाहून त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांना कळवले. पुढे नक्कल सुरू झाली, पण ती गावाबाहेर न्यायची नाही, अशी तेथल्या मंडळींची अट होती. नक्कल करणाऱ्या मिरजेच्या गजपती शास्त्र्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप आणखी एक कानडी प्रत लिहिली. माणिकचंद आणि हिराचंद यांनी ती घेण्यास नकार दिला. ती सहारनपूरला गेली. तिच्यावरून झालेल्या नकलांच्या आधारे हिरालाल जैन यांनी 1939 साली अमरावतीहून पहिला खंड छापला.

राखणदारांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांनीच तर ती पाने इतकी वर्षे वाचवली! शास्त्र अपात्राच्या हाती पडेल, ही त्यांची भीती होती. छापलेले काम पाहिल्यावर ती ओसरली आणि त्यांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहू दिला. पहिल्या खंडाच्या त्र्याण्णवाव्या सूत्रातला 'संजद' हा शब्द नकलेत गळला होता. तो ताडपत्रात सापडला. चोरून मिळाले ते अपुरे होते, विश्वासाने मिळाले तेव्हा ते पुरे झाले.

वाचकहो, माणूस माहिती देताना आधी समोरच्याचा चेहरा वाचतो. मावशी अजून येतात. "आणखी कोणाचे औषध चालू आहे?" असे विचारून मी आता गप्प बसतो. त्या पिशवी उघडून सगळे टेबलावर मांडतात.