शिवराय घडविणारे हात : शिल्पकार करमरकर



पुण्याच्या शिवाजीनगरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपती शिवरायांचा अश्वारूढ पुतळा १९२८ पासून ऊनपाऊस झेलत उभा आहे. तेथे नतमस्तक होणाऱ्यांपैकी किती जणांना तो घडविणाऱ्याचे नाव ठाऊक असते? ते नाव आहे विनायक पांडुरंग करमरकर.

अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली त्यांचा जन्म झाला. गावातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने रेखाटलेले शिवरायांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्याच साहाय्याने तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या आमंत्रणावरून करमरकर कलकत्त्यास गेले, तेथून १९२० मध्ये विलायतेस. तेथील विद्या त्यांनी आत्मसात केली, परंतु विषय निवडले ते याच मातीतले. शंख फुंकणारी स्त्री, कोळीण, अंगणातली म्हैस, असे सारे आपल्या अवतीभवतीचे.

त्या काळी मुंबईतील मोठे पुतळे विलायतेतील शिल्पकार घडवीत. प्रसिद्ध 'काळा घोडा' हा लंडनच्या बोएमचा. अशा काळात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यातील शिवस्मारकाचा संकल्प झाला. पारतंत्र्याची विसंगती अशी, की स्वराज्यसंस्थापकाच्या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने बसविली आणि १९२८ मध्ये अनावरण केले ते इंग्रज गव्हर्नरने! मात्र या दोन समारंभांच्या मध्ये जे घडले, ते सर्वस्वी आपले होते.

एवढा मोठा पुतळा सामान्यतः तुकड्यांत ओतून जोडतात. करमरकरांचा सुमारे साडेतेरा फुटी पुतळा मात्र माझगाव गोदीत एकसंध ओतला गेला. वितळलेला धातू साच्याच्या एका कोपऱ्यात पोहोचला नाही, तरी सारे श्रम वाया जावेत, असे हे काम. ते यशस्वी झाले आणि महाराज रेल्वेने पुण्यास आले.

या इतिहासाचे स्मरण आज अधिक अगत्याचे आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पूर्ण होण्याआधी कोसळला. प्रत्येक शिवभक्ताच्या अंतःकरणास ती घटना चटका लावून गेली. श्रद्धा कितीही उत्कट असो, धातू आणि पाया घोषणांनी मजबूत होत नाहीत. त्यासाठी साधना लागते आणि साधकाला पुरेसा अवधी द्यावा लागतो.

करमरकरांना पद्मश्री लाभली. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. सासवण्याचे त्यांचे घर आज शिल्पसंग्रहालय आहे. अलिबागला सहलीस जाणाऱ्या किती शाळांची पावले तिकडे वळतात? प्रत्येक पुतळ्याखाली अनावरण करणाऱ्याचे नाव ठळक असते. शिल्पकाराचे, ओतकाम करणाऱ्या कारागिरांचेही तितकेच ठळक असावे, हा आग्रह समाजाने धरला पाहिजे. शिवरायांनी स्वतः गुणीजनांची पारख केली, त्यांना बळ दिले. त्यांचे पुतळे उभारणाऱ्यांनी त्यांचा हा गुणही अंगी बाणवावा, एवढीच अपेक्षा.