कॉलेजातले विज्ञान आणि कामगाराचे पोर

(घाटकोपर येथे कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



मी चार यत्ता मराठी शिकलेला साचेवाला. विद्यापीठात विज्ञान कसे शिकवावे यावर हा माणूस काय बोलणार, असे तुमच्या मनात आले असेल. माझ्याही मनात आले. पण पोर आपले आहे, फी आपल्या पगारातून जाते, आणि नापासाचा शिक्का घेऊन ते आपल्याच खोलीत परत येते. मग बोलायचे कुणी?

पूर्वी बाप थकला की मुलगा त्याच खात्यात बदली लागायचा. १९८२ सालचा संप झाला आणि पुढे गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंड पडली. ती वाट बुजली. आता पोराला वर यायचे तर शिक्षणाचीच वाट उरली. आणि नेमका तिथेच दगड पडला आहे!

माझा पुतण्या मराठी शाळेत शिकला. विज्ञानात हुशार. बी.एस्सी.ला गेला. वर्गात शंभरावर पोरे. प्राध्यापक इंग्रजीत सांगतात, पोरे उतरवून घेतात. प्रयोगाला एका यंत्राभोवती पाच जण. एक हात लावतो, चौघे बघतात. जर्नल गेल्या वर्षीचे पाहून भरायचे. मी एकदा विचारले, "आज काय शिकलास रे?" तो म्हणाला, "काका, लिहून घेतलंय. समजून घ्यायचं राहिलंय." पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले, आणि आपल्याला डोकेच नाही असे त्याला वाटू लागले.

बंधूंनो, साचेखात्यात नवा माणूस कसा शिकतो? मुकादम त्याला बाकावर बसवून धोट्यावर व्याख्यान देतो काय? तो जुन्या साचेवाल्याशेजारी उभा राहतो. तार तुटली की स्वतः सांधतो. चुकतो, बोलणी खातो, विचारतो, पुन्हा करतो. हात चालतो तेव्हा डोके चालते. हे आपल्याला ठाऊक आहे. आता मोठमोठ्या विद्वानांनाही ते पटले आहे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझूर नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहेत. त्यांची पोरे अवघड गणिते फडाफड सोडवीत. पण साधे प्रश्न घातले तेव्हा बिंग फुटले. प्रश्न असा : अवजड लॉरी आणि लहान टॅक्सी समोरासमोर आदळल्या, तर जास्त जोर कोण कुणावर लावते? तुम्ही म्हणाल, लॉरी. ती पोरेही तेच म्हणत! खरे उत्तर, दोन्हींवर जोर सारखाच. टॅक्सी हलकी म्हणून तिचा चुराडा. मॅझूर यांनी १९९१ पासून रीत बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर. समज वाढली.

२०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसते व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत शेकडा सुमारे ३४ नापास. जिथे पोरे स्वतः करतात, बोलतात, तिथे शेकडा सुमारे २२. म्हणजे शंभरात बारा पोरे वाचली. ही बारा कुणाच्या घरची, सांगा!

फार लांब कशाला जाता? घाटकोपरहून मानखुर्द किती दूर? तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ते १९७४ साली निघाले. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या बाजूला खेड्यातल्या शाळांत काम केले. पुढे १९८० च्या दशकात मुंबईच्या म्युनिसिपल शाळांतली दलित मुले घेतली. भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, प्रश्न विचारायला लावले. तीच मुले शालान्त परीक्षेत वर आली. डोके होतेच, अडत होती ती भाषा आणि रीत.

आणि कालिना? तिथे मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा खाते यांनी मिळून २००७ साली मूलभूत विज्ञानाचे केंद्र काढले. मोजके विद्यार्थी, पाच वर्षांचा सलग अभ्यास, प्रयोगशाळेवर भर. म्हणजे चांगले कसे शिकवावे हे विद्यापीठाला कळत नाही असे नाही. ते मूठभरांना मिळते. शेकडो संलग्न कॉलेजांतल्या पोरांनी काय पाप केले?

कुणी म्हणतात, आपल्या भाषांत वरचे विज्ञान मावत नाही. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथे विज्ञान उर्दूतून शिकवले. ती भाषा मराठवाड्यातल्या कुणब्याची नव्हती हे खरे. पण भाषा मावत नाही हे म्हणणे तिथेच खोटे पडले. १९६६ साली कोठारी आयोगाने विद्यापीठात प्रादेशिक भाषा आणा असे सांगितले. ते कोठारी स्वतः पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक! २०२० च्या शैक्षणिक धोरणातही मातृभाषेचे नाव आहे. कागद झाले, वर्गात काय आले?

इंग्रजी नको असे मी म्हणत नाही. ती शिडी म्हणून द्या, भिंत म्हणून नको.

तेव्हा विद्यापीठाकडे आपले मागणे चार कलमांचे :

एक, प्रयोगाला प्रत्येक पोराचा हात लागलाच पाहिजे. वर्गात बोलायला, वाद घालायला वेळ ठेवा.

दोन, पहिल्या वर्षाला मराठीतून उलगडून सांगा, मराठी पुस्तके द्या, उत्तर मराठीत लिहू द्या.

तीन, पाठांतराचा पेपर बदला. पेपर तोच राहिला तर शिकवणेही तेच राहील.

चार, दरसाल किती पोरे आत आली, किती गळाली, कोणत्या माध्यमाची गळाली, हा हिशेब जाहीर करा. आणि योजना आखताना गळालेल्यांनाही बोलवा.

यासाठी शिक्षक लागतील. मग जागा भरा! तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक म्हणजे कॉलेजातला बदलीवालाच. आज तास, उद्या घरी. त्याच्यावर आपला राग नाही. त्याची लढाई ती आपलीच लढाई.

पुतण्या सध्या राहिलेल्या विषयांना पुन्हा बसतो आहे. रात्री मी त्याला म्हणतो, मला समजाव. मला समजेपर्यंत तो सांगतो. परवा मधेच थांबला आणि म्हणाला, "काका, आता मला कळलं." बंधूंनो, तुम्हीही आज घरी जाऊन पोराला विचारा, आज काय शिकलास? आणि उत्तर आले नाही, तर पोराला मारू नका. कॉलेजच्या दारात आपण मिळून जाऊ.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!