ओळखीचं भांडवल
(पिंप्राळा, जळगाव येथे महिलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

एखादीने घरातून धंदा सुरू केला की लोक विचारतात, भांडवल कुठून आणलं? 2013-14 च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातले जेमतेम 14 टक्के उद्योग-धंदे बायकांच्या मालकीचे निघाले आणि त्यांतले सुमारे 79 टक्के स्वतःच्या पैशावर चालत होते. हा स्वतःचा पैसा येतो कुठून? गहाण टाकलेल्या दागिन्यातून, माहेरातून आणि भिशीतून.

वीस जणींनी महिन्याला पाचशे काढले की जिचा नंबर लागेल तिच्या हातात दहा हजार येतात. ना कागद, ना जामीनदार. शिलाई मशीन येतं, ड्रेस मटेरियलचा पहिला गठ्ठा येतो. मेहनतीचंही तसंच आहे. आपल्या खानदेशात उन्हाळा लागला की आज एकीच्या दारात, उद्या दुसरीच्या, असे उडदाचे पापड लाटले जातात. पोळपाट-लाटणं आपापलं. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. पहिलं गिऱ्हाईकही शेजारीणच असते.

पण शेजारीण उधार नेते आणि पैसे मागायला आपली जीभ रेटत नाही. एकीने कुर्ती विकायला आणल्या की गल्लीत आणखी चौघी आणतात. सगळ्यांची ओळख त्याच लोकांशी, म्हणून गिऱ्हाईकही तेच. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं, की नोकरीची नवी बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. धंद्यातही हेच घडतं.

लिज्जत पापडाची सुरुवात बघा. 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात एकाच वस्तीतल्या सात जणींनी गच्चीवर पापड लाटले. इथवर आपल्यासारखंच. पण 80 रुपये उसने दिले ते छगनलाल पारेख या समाजसेवकाने. माल घेतला तो भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने. पारेखांनी सांगितलं, हिशेब चोख ठेवा आणि माल एकाच दर्जाचा करा. सात जणी जवळच्या आणि दोन ओळखी बाहेरच्या. त्यावर पहिल्या वर्षी 6,196 रुपयांची विक्री झाली.

बाहेरच्या बाजाराशी व्यवहार आपल्याला परका नाही. हजरत खदीजा रजि. यांचा माल मक्केहून शामपर्यंत जात होता.

आता एक कडू गोष्ट. भिशीत आपण कोणाला घेत नाही? विधवेला, तलाक झालेलीला, भाड्याच्या खोलीत नव्याने आलेलीला. "ही पैसे भरेल का?" असं हळूच विचारलं जातं आणि नाव गळतं. मग तिच्या दारात दर आठवड्याला हप्ता मागणारा माणूस येतो. म्हणजे जिला ओळखीची गरज सर्वांत जास्त, तिलाच ती मिळत नाही.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. तिला घ्या आणि शेवटचा नंबर द्या. शेवटचा नंबर घेणारी कर्ज घेत नाही, ती बचत करत असते. तिच्याकडून पैसा बुडण्याची भीती फारशी नाही. एक फेरी नीट पार पडली की पुढच्या वेळी तिला आधीचा नंबर द्या.

दुसरं, व्यवहार लिहून ठेवा. भिशी वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे चालते, पण बँकेला ती दिसत नाही. दहा ते वीस जणींचा बचत गट केला, बैठक, बचत, कर्ज, परतफेड यांची नोंदवही ठेवली, की बँकेला तीच पत वाचता येते. उद्यम नोंदणी आधारवर, मोफत होते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. कोणी एजंट पैसे मागत असेल तर आधी बँकेत विचारा.

तिसरं, महिन्याला एका अनोळखी दुकानात आपला माल घेऊन जा. दोघी मिळून जा. दहा दुकानदार नाही म्हणतील, अकरावा भाव विचारेल.

आजच्या बैठकीनंतर प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या, कोणत्याच भिशीत नसलेल्या एका बाईचं नाव आठवावं आणि पुढच्या बैठकीला तिला सोबत आणावं.